‘लोकर : ५०० ग्रॅम’ म्हणजे नेमकी किती?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या दैनिकाच्या पुरवणीत दरवर्षी विणकामाचे नमुने प्रसिद्ध होतात. मी ती कात्रणे वर्षानुवर्षे जपून ठेवत आले आहे आणि माझ्याकडे विणकाम शिकायला येणाऱ्या मुली-सुनांना त्यांवरूनच पुष्कळदा धडे देते. या नमुन्यांच्या आरंभी ‘साहित्य’ या शब्दापुढे जी एक ओळ असते, तिच्याविषयी हे पत्र आहे. ‘लोकर ५०० ग्रॅम, सुया १० नंबर’ एवढ्यावर ती ओळ संपते, आणि वाचणारी बाई त्या आकड्यावर भरवसा ठेवून नाशिकच्या रविवार कारंजाला किंवा मेन रोडला जाऊन मोजून तेवढेच गुंडे घेऊन येते. माझे म्हणणे असे आहे की, धाग्याची लांबी, विणीची घनता (१० सेंटीमीटरमध्ये किती टाके आणि ओळी) आणि तयार कपड्याचे माप सोबत दिल्याशिवाय नुसत्या ग्रॅमच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही, आणि या अपुऱ्या आकड्यामुळे अनेक घरांत दर हिवाळ्यात एक तरी स्वेटर अर्धवट पडतो किंवा चार-पाच गुंडे विनाकारण कपाटात पडून राहतात.

गेल्या वर्षीचा माझाच अनुभव सांगते. माझा धाकटा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरला की राज्यभरच्या वर्तमानपत्रांत निफाडचे नाव येते. त्या थंडीत द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या माणसाच्या अंगात चांगला उबदार स्वेटर असायलाच हवा. त्याच्यासाठी एका छापील नमुन्यावरून वेणीच्या विणीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर मी ऑगस्टमध्ये सुरू केला. नमुन्यात ५०० ग्रॅम लिहिले होते, म्हणून ५०-५० ग्रॅमचे दहा गुंडे मेंदीच्या रंगात आणले. पाठ झाली, पुढचा भाग झाला, पहिली बाही मनगटापासून चढत कोपर ओलांडून चार बोटे वर गेली, आणि दहावा गुंडा संपला. दुकानात गेले तर तीच लोकर, तोच रंग, रंगाचा क्रमांकही तोच मिळाला. फक्त गुंड्याच्या कागदी पट्टीवरचा लॉट नंबर वेगळा होता. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही धागे शेजारी धरले तेव्हा काही फरक दिसला नाही. घरी येऊन गच्चीत उन्हात धरले तेव्हा नव्या धाग्यातली पिवळट झाक स्पष्ट दिसली.

ज्यांनी विणकाम केलेले नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे की, एका वेळी एकाच रंगपाण्यात रंगवून निघालेल्या धाग्याला एक लॉट नंबर दिला जातो, आणि पुढच्या खेपेला तेच रंग त्याच प्रमाणात घेतले तरी पाण्यात, उष्णतेत किंवा वेळेत थोडासा बदल झाला की छटा किंचित सरकते. दोन लॉट एकत्र वापरायची वेळ आलीच तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या आणि दोन ओळी नव्या गुंड्याच्या असे आलटून पालटून विणत गेल्यास डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण त्यासाठी जुना धागा पुरेसा शिल्लक असावा लागतो. माझ्याजवळ उसवलेल्या बाहीतून निघालेल्या सव्वा गुंड्याखेरीज काहीच नव्हते. शेवटी दोन्ही बाह्या नव्या लॉटमध्ये विणल्या, म्हणजे निदान रंगाचा सांधा खांद्याच्या शिवणीवर पडेल आणि बाहीच्या मधोमध दिसणार नाही. भावाने स्वेटर अंगात घालून अंगणात पाऊल टाकले आणि विचारले, “ताई, बाह्या नंतर वेगळ्या आणून लावल्या का गं?” तो स्वेटर तो आजही वापरतो, मला मात्र त्या बाह्या दिसल्या की दीड महिन्याच्या कामाचे वाईट वाटते.

त्यानंतर मी जे आधी करायला हवे होते ते केले. उरलेल्या धाग्यातून २० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद असे दोन चौकोन विणले, एक साध्या विणीचा (एक ओळ सुलट, एक ओळ उलट) आणि एक त्या स्वेटरच्या वेणीच्या विणीचा, आणि ते सराफ बाजारात एका ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवले. सोन्यासाठी असलेला तो काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. साधा चौकोन १९.८६ ग्रॅम भरला आणि वेणीचा २६.१२ ग्रॅम. लांबी-रुंदी तीच, धागा तोच, सुया त्याच, आणि फरक सव्वासहा ग्रॅमचा! वेणी घालताना टाके एकमेकांवरून ओलांडून जातात, वीण आत ओढली जाते, तेवढीच रुंदी भरून काढायला अधिक टाके घालावे लागतात, आणि हा सगळा अधिकचा धागा त्या उठावात मुरतो. हे आम्हा विणणाऱ्यांना हाताने ठाऊक असते, परंतु ते किती हे काट्यावर पाहिल्यावर मी चकित झाले.

पुढचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. भावाच्या स्वेटरचा घेर १०४ सेंटीमीटर आणि उंची ६४ सेंटीमीटर, म्हणजे पाठ आणि पुढचा भाग मिळून क्षेत्रफळ ६,६५६ चौरस सेंटीमीटर झाले. बाही मनगटाशी २४ आणि वर ४० सेंटीमीटर रुंद, म्हणजे सरासरी ३२, लांबी ४८, दोन बाह्यांचे मिळून ३,०७२. एकूण ९,७२८. गळ्याचा आणि मुंढ्यांचा कापलेला भाग मी वजा करत नाही, कारण गळ्याची पट्टी आणि शिवणी यांत तेवढा धागा जातोच. नमुन्याचा चौकोन ४०० चौरस सेंटीमीटरचा. त्याच्या वजनाला ४०० ने भागून ९,७२८ ने गुणले की साध्या विणीला ४८३ ग्रॅम आणि वेणीच्या विणीला ६३५ ग्रॅम असे उत्तर येते. छापलेले ५०० ग्रॅम बहुधा साध्या विणीवरून धरलेले असावेत. गाठी, टोके आणि हाताच्या सैल-घट्टपणासाठी दहा टक्के वर धरले तर मला सुमारे ७०० ग्रॅम, म्हणजे चौदा गुंडे एकाच लॉटचे घ्यायला हवे होते. हे गणित करायला पंधरा मिनिटेही लागत नाहीत.

घरच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे करायचे असेल तर एक काळजी घ्यावी लागते. तो काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो, त्यामुळे अर्ध्या ग्रॅमची चूक सहज होते. नेहमी सांगितला जातो तो १० सेंटीमीटरचा लहान चौकोन जेमतेम पाच-सहा ग्रॅम भरतो, आणि पाच ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे सबंध स्वेटरच्या अंदाजात दहा टक्क्यांची चूक. म्हणून चौकोन मोठा विणावा. धागा वाया जाईल ही भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण तो उसवून पुन्हा वापरता येतो. विणून झाल्यावर तो एकदा धुऊन, सपाट पसरून, पूर्ण वाळवून मगच मोजावा, कारण धुतल्यावर वीण सैलावते आणि कपडा आयुष्यभर त्याच मापाचा राहणार असतो.

शिकायला येणाऱ्या मुलींची सर्वात मोठी चूक मात्र वेगळीच असते, आणि तिच्यावर मी दर वर्षी एक पूर्ण दिवस घालवते. ६० सेंटीमीटर घेराच्या लहान मुलाच्या स्वेटरला अमुक लोकर लागली, तर ७५ सेंटीमीटर घेराच्या मोठ्या मुलाला सव्वापट लागेल, असे त्या धरून चालतात. पण घेर सव्वापट झाला की उंची आणि बाह्याही साधारण त्याच प्रमाणात वाढतात, म्हणून क्षेत्रफळ सव्वा गुणिले सव्वा, म्हणजे दीडपटीहूनही थोडे अधिक होते. २०० ग्रॅमच्या जागी २५० ग्रॅम आणणारीला प्रत्यक्षात ३१० ग्रॅमच्या पुढे लागतात. शिकवणीला येणारी एक जण बाळांची टोपडी, झबली आणि मोजे विणून विकते आणि त्यावर घराला हातभार लावते. मोठ्या मापाच्या पहिल्याच मागणीत तिचा अंदाज असा चुकला. पुढच्या वेळी धास्तीने तिने पाच गुंडे जास्त आणले आणि त्यांत तिची त्या कामाची कमाई अडकून पडली. तिच्यासारखीला अंदाज कमी निघाला तरी तोटा आणि जास्त निघाला तरी तोटाच.

आता लांबीविषयी. आपण बोलताना ज्याला सरसकट लोकर म्हणतो ते बाजारात बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. ॲक्रिलिकची घनता साधारण १.१७, मेंढीच्या लोकरीची १.३१ आणि सुताची १.५४ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आहे. साहजिकच सारख्या जाडीच्या धाग्यांत ॲक्रिलिकचा १०० ग्रॅमचा गुंडा सर्वात लांब जातो आणि सुताचा सर्वात आखूड. ॲक्रिलिकसाठी लिहिलेल्या नमुन्यात कोणी त्याच वजनाचे सूत वापरले तर हाती सुमारे तीन चतुर्थांश लांबीच येते. जाडी बदलली की तर विचारायलाच नको. चार पदरी बारीक धागा १०० ग्रॅममध्ये ४०० मीटरच्या आसपास भरतो, आणि स्वेटरचा नेहमीचा मध्यम जाडीचा लोकरी धागा त्याच वजनात २२० मीटरच्या आसपास. टाका वजनाने पडत नाही, तो लांबीने पडतो. प्रत्येक टाक्याला धाग्याचा ठरावीक तुकडा लागतो. म्हणून ‘५०० ग्रॅम’ च्या जागी ‘१०० ग्रॅमला २२० मीटर भरणारा धागा, एकूण ११०० मीटर’ असे लिहिले असेल, तर दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या जातीचा धागा घेणारीलाही तोच नमुना चालवता येतो.

ही लांबी गुंड्याच्या पट्टीवर छापलेली असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. काही गिरण्या ती छापतात, आणि त्यांचे गुंडे घ्यायला मी दोन पावले जास्त चालते. पुष्कळांच्या पट्टीवर मात्र निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादकाचे नाव एवढेच असते. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांनुसार निव्वळ परिमाण छापावे लागते आणि ते वजनात छापले की नियम पाळला जातो. पण गिरणीला लांबी मुळात ठाऊक नसते असे कोणी समजू नये. लोकरीचा आणि ॲक्रिलिकचा धागा गिरणीत ज्या क्रमांकाने ओळखला जातो, तो क्रमांकच एका ग्रॅममध्ये किती मीटर धागा भरतो हे सांगतो. ‘२/३२’ असे लिहिले असेल, तर ग्रॅमला ३२ मीटर भरणारे दोन पदर एकत्र पिळलेले आहेत आणि तयार धागा ग्रॅमला १६ मीटर भरतो. जो आकडा गिरणीच्या नोंदवहीत रोज लिहिला जातो, तो गिऱ्हाइकाच्या पट्टीवर यायला एका ओळीची जागा पुरे. तोपर्यंत घरी उपाय आहे : गुंड्यातून मोजपट्टीने १० मीटर धागा काढावा, तेवढा तुकडा सराफाच्या काट्यावर तोलावा, आणि १० ला त्या वजनाने भागावे, म्हणजे ग्रॅमला किती मीटर ते कळते.

मेंढीच्या खऱ्या लोकरीबाबत आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी नाशिकच्या पावसाळ्यात विणायला बसणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. ही लोकर हाताला ओली न लागता आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत ओलावा धरू शकते. ॲक्रिलिक जेमतेम दोन टक्के धरते. श्रावणातल्या दमट हवेत तोललेला चौकोन आणि मार्गशीर्षातल्या कोरड्या हवेत तोललेले गुंडे यांची तुलना करू नये. दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोलीत तोलावेत.

सुयांच्या नंबराचाही घोळ थांबायला हवा. आपल्याकडे जुनी ब्रिटिश मोजणी चालते, तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलीमीटर आणि १० नंबर म्हणजे ३.२५ मिलीमीटर. अमेरिकी मोजणी नेमकी उलट आहे आणि तिथला ८ नंबर ५ मिलीमीटरचा असतो. परदेशी नमुन्यावरून घेतलेल्या मजकुरात नंबर तसाच उतरवला गेला, तर आपल्याकडची बाई बारीक सुयांवर विणायला बसते, वीण घट्ट येते, तेवढ्याच मापाला अधिक टाके आणि अधिक ओळी लागतात आणि लोकर कमी पडते. नमुन्यात सुईची जाडी मिलीमीटरमध्ये दिली की हा प्रश्नच उरत नाही.

दुकानदारांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. “बाई, दोन गुंडे जास्तीचे न्या, उरले तर टोपी होईल,” असे सांगणारा दुकानदार त्याच्या परीने मदतच करत असतो. परंतु जुन्या दुकानांत पूर्वी जी रीत होती, की गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावून एकाच लॉटचे दोन-तीन गुंडे महिनाभर बाजूला ठेवायचे आणि न उघडलेला गुंडा पावतीसह परत घ्यायचा, ती आता क्वचितच दिसते. ती पुन्हा सुरू झाली तर हिशेबाची सगळी कसरत निम्म्याने कमी होईल. कारण पहिला गुंडा पूर्ण विणून तो किती चौरस सेंटीमीटर भरला हे पाहणे हा सर्वांत खात्रीचा अंदाज असतो, आणि तो घ्यायला बाकीचे गुंडे त्याच लॉटचे मिळतील याची शाश्वती लागते. गुंडा संपत आला असताना, हातातल्या विणीच्या रुंदीच्या निदान चौपट धागा उरल्याशिवाय नवी ओळ सुरू करू नये, हेही मी मुलींना सांगत असते. साध्या ओळीला रुंदीच्या तिपटीहून अधिक धागा जातो, आणि ओळीच्या मध्ये आलेली गाठ कितीही लपवली तरी हाताला लागते.

आपल्याला विनंती अशी की, यंदाच्या पुरवणीपासून प्रत्येक नमुन्यासोबत एकूण धागा मीटरमध्ये आणि ग्रॅममध्ये, धाग्याची जात, सुईची जाडी मिलीमीटरमध्ये, १० सेंटीमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी याव्यात ते, आणि तयार कपड्याचा घेर, उंची व बाहीची लांबी एवढी माहिती द्यावी. त्याला नमुन्याच्या शेजारी चार ओळींची जागा लागेल. नमुने पाठवणाऱ्या भगिनींनीही कपडा शिवून झाल्यावर तो एकदा तोलून त्याचे खरे वजन कळवावे, आणि तो वेणीचा, जाळीचा की साध्या विणीचा आहे हे त्या आकड्यासमोरच लिहावे. जाळीच्या विणीला मोकळ्या जागांमुळे लोकर कमी लागते आणि सगळ्या ओळी सुलट घातलेल्या विणीला तेवढ्याच मापात साध्या विणीपेक्षा जास्त. माझ्या संग्रहातील जे कपडे अजून घरात आहेत, त्यांची मापे आणि वजने मी एका वहीत लिहून काढली आहेत. आपल्या पुरवणीला त्यांचा उपयोग होणार असेल, तर ती वही आपल्या नाशिक कार्यालयात आणून द्यायला मी तयार आहे.

कळावे,
आपली नम्र,
विणकाम शिकवणारी एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक